कुंपणातलं झाड आणि मालकी

‘शेतात ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी) लोकांचं काही सापडलं की जमीन गेलीच समजा,’ असं काही जण म्हणतात. निदान ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तरी तसं नाही. तिथल्या ॲबोरिजिनल वारसा जपण्याच्या २००६ च्या कायद्याखाली जागेची नोंद झाली तरी सातबारा (तिथला हो!) तुमच्याच नावावर राहतो. नुकसान करणं मात्र गुन्हा, मग जमीन खाजगी का असेना.

आमच्या ओळखीतल्या एकांनी व्हिक्टोरियातल्या बॅलरॅटकडे वीस एकर घेतली. कुंपणाच्या ओळीतच एक वठलेलं गमचं (निलगिरीच्या जातीचं) झाड. बुंध्यावर पुरुषभर उंचीचा लांबट खळगा, कडा जाड ओठांसारख्या आत वळलेल्या. वीज पडली असेल म्हणून ते सरपणासाठी तोडणारच होते. ॲबोरिजिनल लोक अशी साल होडीसाठी, ढालीसाठी, परातीसारख्या भांड्यांसाठी काढत, हे शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं.

शेतकऱ्यांची भीती अगदीच पोकळ आहे असंही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचा ॲबोरिजिनल वारशाचा नवा कायदा १ जुलै २०२३ ला लागू झाला. ११०० चौरस मीटरच्या वरच्या जमिनींना तो लागू, पण कुठल्या कामाला परवानगी लागते हेच लोकांना कळेना. सव्वा महिन्यात सरकारने तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. गंमत बघा, त्याच राज्यातल्या ज्या जुकान घळीमुळे हे सगळं सुरू झालं, तिथल्या ४६ हजार वर्षांच्या वस्तीच्या खुणा २०२० मध्ये खाणीसाठी रीतसर परवानगीनेच उडवल्या होत्या.

झाड अजून आहे. कुंपण चार मीटर सरकवलंय.