एकांताने तुम्हाला काय दिलं? अनुभव लिहा

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. आज वार कोणता, हे दिवसातून वीसेक वेळा विचारतात. दुपारी दीर येऊन बसतात, तेवढा पाऊण तास माझा. फोन घरात ठेवून गच्चीवर जाते, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसते. पहिले आठ दिवस नुसती रडले. आता खाली आल्यावर विसाव्यांदाही "आज बुधवार, आई" असं आवाज न चढवता सांगता येतं. तो पाऊण तास नसता तर मीच आजारी पडले असते. तुमचंही लिहा.

*

मी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात 10 दिवस राहून आलो. बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत. फोन, पुस्तक, वही-पेन सगळं आधीच जमा. पहाटे 4 वाजता घंटा. पहिले 3 दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण दुसऱ्याच दिवशी बॅग उचलून पळावंसं वाटलं. गुडघे ठणकत होते आणि डोक्यात ऑफिसातली जुनी भांडणं. सहाव्या दिवशी जेवताना वरणभाताची चव लागली. खरंच, कित्येक महिन्यांनी. समोर स्क्रीन नव्हती ना! बीपीची गोळी सुटलेली नाही, पण रात्री झोप लागते. एक मात्र सांगतो, मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. अर्जातही ते विचारतात.

*

मी आठवड्यातून एकदा पहाटे देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकटा जातो. तुकोबा इथे येऊन बसत. रविवार टाळतो, गर्दी असते. उतरेपर्यंत मनातला निम्मा राग गेलेला असतो.

*

मी जरा वेगळं लिहिते. यजमान जाऊन 3 वर्षं झाली, मुलगी परदेशात. एकांत म्हणाल तर घरभर, आणि पहिलं वर्ष तो खायला उठायचा. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून दिवसभर टीव्ही चालू ठेवायचे. लादलेला एकटेपणा आणि आपण निवडलेला एकांत यांत फार अंतर आहे हो. भजनी मंडळात जायला लागले, मंगळवार-शुक्रवार चार बायका भेटू लागल्या, तेव्हा कुठे बाकीच्या दिवसांची शांतता सोसायला लागली. मग आवडायलाही लागली. आता सकाळी टीव्ही बंद ठेवून चहा घेऊन झोपाळ्यावर बसते. झोपाळ्याच्या कड्या करकरतात, हे इतक्या वर्षांत कधी ऐकूच आलं नव्हतं. तेल घालावंसं वाटत नाही.