मदत हवी आहे : व्यायाम सुरू केल्यापासून पाठ, हनुवटी आणि कपाळावर पुरळ

नमस्कार,

गेले आठ महिने मी नेमाने व्यायाम करते आहे. आठवड्यातले चार दिवस सकाळी धावणं आणि सुट्टीच्या दिवशी लांबवर सायकल. झोप सुधारली, जिना चढताना लागणारा दम गेला. पण त्याच आठ महिन्यांत त्वचेची पार वाट लागली आहे. व्यायाम सोडायचा नाही हे पक्कं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. लांबण लागली तर समजून घ्या.

त्रास तीन ठिकाणी आहे. पाठीवर, जिथे सॅक टेकते आणि खांद्यांवरून पट्टे जातात, तिथे लालसर, हात लागला की दुखणाऱ्या पुळ्या. हनुवटीखाली, हेल्मेटचा पट्टा बसतो नेमक्या त्या रेषेत, आतून ठणकणारे मोठे मुरूम. आणि कपाळावर केसांच्या कडेनं बारीक, सगळे एकाच मापाचे दाणे. ते दुखत नाहीत, पण घाम आला की त्यांना विलक्षण खाज सुटते. वयात येताना मला मुरमांचा त्रास जवळजवळ नव्हता. आता पस्तिशीत आरशात बघायचा कंटाळा यायला लागलाय.

घाम म्हणजे मळ आणि मळ घासून काढायचा, असं मी धरून चालले होते. दिवसातून पाच वेळा फेसवॉश, एक दिवसाआड दाणेदार स्क्रब, पाठीला लुफा आणि जंतुनाशक साबण, वर कढत पाणी. चार दिवस बरं वाटलं. मग गालांची सालं निघायला लागली, चेहरा ओढल्यासारखा झाला आणि पुळ्या होत्या तिथेच राहिल्या. सनस्क्रीननं छिद्रं बुजत असतील म्हणून ते बंद केलं, तर बसलेल्या पुळ्यांचे डाग जास्तच काळे पडले. एका डॉक्टरांनी तीन आठवडे अँटिबायोटिक दिलं. पाठ थोडी निवळली, कपाळावरचे दाणे मात्र उलट वाढले. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

अडचण अशी की धावून मी परस्पर कामावर जाते. तिथे बेसिन आहे, आंघोळीची सोय नाही. म्हणजे नीट आंघोळ थेट संध्याकाळी. अशा वेळी काय करावं? चेहरा नेमका किती वेळा धुवावा? उन्हात सायकल चालवताना घामानं ओघळणार नाही आणि पुळ्याही आणणार नाही असं सनस्क्रीन असतं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद :

तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की बरंचसं उत्तर त्यातच आहे. मी बारा वर्षं धावतोय आणि यातलं बहुतेक सगळं अंगावर काढलंय. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

घामाला दोष देणं सोडा. अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांची तोंडं त्वचेवर स्वतंत्र उघडतात. मुरूम होतो तो केसाच्या मुळाशी, तैलग्रंथीच्या वाटेत. घाम मुख्यतः पाणी आणि मीठ, तो ताजा असताना निरुपद्रवी असतो. त्रास होतो तो ओलं कापड तासन् तास अंगाला चिकटून राहिल्यानं आणि त्यावरून पट्टा घासल्यानं. उष्णता, दाब, घर्षण आणि कोंडलेली ओल एकत्र आली की केसाच्या मुळाशी वाट बुजते. या प्रकाराला 'अ‍ॅक्ने मेकॅनिका' म्हणतात. १९७५ पासून हे नाव वैद्यकात आहे आणि हेल्मेट, खांद्यांचे पॅड वापरणाऱ्या खेळाडूंमध्ये ते नेहमी दिसतं. तुमची पाठ आणि हनुवटी याच जातीची वाटते. पट्ट्याच्या रेषेत मुरूम येतात, याहून स्पष्ट खूण कुठली?

कपाळ मला वेगळं वाटतं. एकसारखे बारीक दाणे, खाज, आणि अँटिबायोटिकनं वाढ, या तिन्ही गोष्टी मॅलेसेझिया या यीस्टकडे, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीकडे, बोट दाखवतात. ते सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, त्वचेच्या तेलावर जगतं, आणि कोंड्यामागेही त्याचाच हात असतो. अँटिबायोटिकनं जिवाणू कमी झाले की त्याला मोकळं रान मिळतं. दिसायला मुरमासारखंच, पण उपचार बुरशीचा लागतो. केसांत कोंडा आहे का तुमच्या?

आता धुण्याबद्दल. सकाळी, रात्री आणि भरपूर घाम आल्यावर एकदा, बस. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीचा सल्लाही हाच आहे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास. साध्या साबणाचा नऊ-दहा. पाच वेळा फेसवॉश आणि वर स्क्रब म्हणजे वरचं संरक्षक आवरण रोज खरवडून काढणं. सालं निघाली ती त्यामुळेच. स्क्रब आणि लुफा आजच बंद करा, कोमट पाणी आणि बोटांची टोकं पुरतात. आणि मॉइश्चरायझर टाळू नका.

आंघोळ नसेल तर निदान कपडे बदला, आणि ते कामावर पोचल्यावर नाही, धावणं थांबलं की लगेच. माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक यानंच पडला. पिशवीत कोरडा टीशर्ट, कोरडे अंतर्वस्त्र आणि दोन छोटे नॅपकिन ठेवा. एक साध्या पाण्यात भिजवून पिळून पाठ, मान, छाती पुसायची, दुसऱ्यानं टिपायचं. टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. नॅपकिन रोज धुतलेला हवा. कालचा घामट नॅपकिन आज तोंडावर फिरवण्यापेक्षा न पुसलेलं बरं. बेसिनवर चेहऱ्याला साधं पाणी किंवा सौम्य फेसवॉश, एकदाच.

पाठीसाठी संध्याकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या औषधाचा वॉश लावून दोन-तीन मिनिटं थांबून धुवा. कमी ताकदीपासून सुरुवात करा. २.५ टक्के आणि १० टक्के यांच्या परिणामात फारसा फरक पडत नाही, आग मात्र १० टक्केवाल्यानं जास्त होते. आणि टॉवेल पांढराच वापरा, रंगीत कपड्याचा रंग उडतो. माझे दोन चांगले टीशर्ट त्यात गेले.

प्रतिसाद :

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. दोन गोष्टी जोडते. केस आधी धुवा, कंडिशनर पूर्ण जाऊ द्या, केस वर बांधा आणि मग शेवटी पाठ धुवा. मी वर्षानुवर्षं उलट करत होते, कंडिशनरचा थर पाठीवरच राहायचा. पाठ निवळायला हे एवढंसं पुरलं, यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता.

सनस्क्रीन बंद करू नका, विशेषतः सावळ्या-गव्हाळ त्वचेला. पुळी बसल्यावर मागे राहणारा डाग उन्हानं गडद होतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. एसपीएफ ३० योग्य प्रमाणात लावलं तर यूव्हीबी म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात. जेल किंवा पातळ लोशन घ्या, वेष्टनावर 'नॉन-कोमेडोजेनिक' (छिद्रं न बुजवणारं) आणि 'वॉटर रेझिस्टंट' (पाण्या-घामात टिकणारं) हे दोन्ही बघा. वॉटर रेझिस्टंटपुढे ४० किंवा ८० मिनिटं असं लिहिलेलं असतं, घाम गाळणाऱ्यांनी ८० वालं घ्यावं. निघण्याआधी १५ मिनिटं लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा. कपाळावरून ओघळून डोळे चुरचुरत असतील तर तिथे झिंक ऑक्साइडची स्टिक वापरा. घरी आल्यावर मात्र ते नीट निघालं पाहिजे, नुसत्या पाण्यानं वॉटर रेझिस्टंट निघत नाही.

प्रतिसाद :

कळकळीनं एक सांगतो. कपाळाला बुरशी असेल असं इथे वाचून दुकानातून कुठलीही ट्यूब आणू नका. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूब सर्रास मिळतात. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि माणूस खूश होतो. नंतर तेच दुखणं दुप्पट जोरानं उलटतं, चेहऱ्याची त्वचा पातळ होते ती वेगळीच. माझ्या भावानं हे भोगलंय, वर्ष गेलं त्याचं. त्वचारोगतज्ज्ञ दाणा किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकतात, तेवढं करून घ्या. अँटिबायोटिकनं वाढलं हे त्यांना आवर्जून सांगा.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. कोंडा आहे, थंडीत जास्तच, पण त्याचा कपाळाशी संबंध लावायचं कधी सुचलं नव्हतं. ट्यूबचा इशारा अगदी वेळेवर मिळाला, उद्या तीच आणणार होते.

धागाकर्ती (सहा आठवड्यांनंतर) :

ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. तपासणीत कपाळावर यीस्टच निघालं. केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू डोक्याला आणि कपाळाला काही मिनिटं ठेवून धुवायला सांगितला, सोबत एक मलम. तिसऱ्या आठवड्यात खाज थांबली, आता हात फिरवला तर कपाळ सपाट लागतं. पाठीला वेळ लागतोय. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता आणि मी सोडून देणार होते, पण डॉक्टरांनी आठ ते बारा आठवडे धीर धरायला सांगितलंय. आता नवीन पुळ्या जवळजवळ येत नाहीत, जुने डाग आहेत. चेहरा दिवसातून तीनदा धुते, गालांची सालं पहिल्याच आठवड्यात थांबली. धावून झालं की तिथेच आडोशाला टीशर्ट बदलते. सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, आता बरोबरच्या दोघीही बदलायला लागल्या आहेत.

हनुवटीची रेष मात्र हटत नाही. पट्टा रोज धुते, एक बोट जाईल इतका सैल ठेवते, त्याहून सैल ठेवणं सुरक्षित नाही. सुती पट्टी गुंडाळून पाहिली, ती भिजून आणखी घासते. तीन-चार तास सायकल चालवणाऱ्यांपैकी कुणी तिथे काही वेगळं वापरून पाहिलं आहे का?