शब्दचर्चा: झोळीवाला, पाणकोळी की पेलिकन?

प्रश्न:
मंडळी, पेलिकनला मराठीत नक्की काय म्हणायचं? मी लहानपणापासून झोळीवाला ऐकत आलेय, आमच्याकडे काहीजण पाणकोळी म्हणतात, आणि परवा एका फोटोखाली 'राखी पेलिकन' असं लिहिलेलं दिसलं. तिन्ही एकच का? आणि त्या झोळीत तो मासे साठवून ठेवतो म्हणून झोळीवाला ना? मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहायचंय म्हणून विचारतेय.

प्रतिसाद:
ताई, झोळीवाला हे सगळ्या पेलिकनांचं मिळून नाव आहे. आपल्या देशात त्यातल्या तीन जाती दिसतात. एक मोठा गुलाबी किंवा पांढरा झोळीवाला, उडताना पंखांची काळी पिसं ठळक दिसतात तो. दुसरा डाल्मेशियन, हिवाळ्यात गुजरात-राजस्थानकडे येतो. आणि तिसरा ठिपक्यांच्या चोचीचा, तुमच्या फोटोतला 'राखी' बहुतेक हाच, कारण त्याचा एकूण रंग मळकट राखाडी, मानेवर मागे कुरळी पिसं, आणि वरच्या चोचीच्या कडेला ओळीने ठिपके असतात. वजन साधारण ४ ते ६ किलो, म्हणजे गुलाबीपेक्षा बराच लहान. प्रोजेक्टमध्ये नुसतं झोळीवाला न लिहिता कुठला झोळीवाला तेही लिहा.

प्रतिसाद:
साठवणीचं मात्र खोडून काढायला हवं, कारण पुस्तकांतसुद्धा हेच चित्र असतं, पेलिकन बसलाय आणि झोळीत पाचसहा मासे! असं होत नाही. खालच्या चोचीची दोन हाडं लवचिक असतात, चोच पाण्यात गेली की ती बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधलं कातडं फुगून त्यात पाणी आणि मासा एकदमच येतात, मग तो चोच छातीकडे दाबून पाणी काढून टाकतो आणि मान वर करून मासा लगेच गिळतो. वरची चोच त्यावर झाकणासारखी. जीभ तर इतकी बारकी की असून नसल्यासारखी, मोठी असती तर गिळताना मधे आली असती. म्हणजे ही झोळी भिक्षेकऱ्याची नाही, हातजाळं आहे. पिल्लांसाठी मासे आणतो तेही गळ्याखाली, पोटाकडे उतरवून आणतो आणि घरट्यावर आल्यावर वर काढतो, पिल्लं त्याच्या चोचीत डोकं खुपसून खातात. हे लांबून बघणाऱ्याला झोळीतून खातायत असंच वाटणार.

आणि उन्हाळ्यात तो नुसता बसून तोंड उघडं ठेवून ती झोळी फडफडवत असतो ना, ते अंग गार करायला. तिथल्या ओल्या कातडीवरून वारा गेला की उष्णता निघते.

प्रतिसाद:
वरच्या हातजाळ्याच्या मुद्द्याला जोडून. तेलुगूत याला गूडबातु म्हणतात. बातु म्हणजे बदक, आणि गूड म्हणजे शेताला पाणी उपसायची टोपली, दोन माणसं दोन्हीकडून दोरी धरून झुलवत उपसतात ती. त्यावरूनच नाव पडलं असावं असं मला वाटतं, कारण तो करतो तेच आहे, उपसणं. बंगालीत गगनबेड़, आणि आपल्या ठिपकेवाल्याला चितिठुँटि गगनबेड़, म्हणजे चोचीवर ठिपके असलेला. कन्नडात हेज्जार्ले. पूर्व बंगालात पूर्वी कोळी लोक माणसाळवलेला पेलिकन होडीजवळ बांधून ठेवायचे, त्याच्या अंगच्या तेलाने काही जातींचे मासे जवळ येतात असा त्यांचा समज होता. त्यामुळे पाणकोळी हा शब्दही मला आवडतो, पण तो ऐकून कोणाच्या डोळ्यासमोर पाणकावळा येतो तर कोणाच्या खंड्या, म्हणून लिहिताना मी झोळीवालाच धरेन.

प्रतिसाद:
हेज्जार्ले म्हटलं की कोक्करे बेळ्ळूर. आमचं घर बरीच वर्षं म्हैसूरला, तिथून बंगळूरच्या रस्त्याला मद्दूरकडे हे गाव लागतं, मंड्या जिल्ह्यात. गावातल्या चिंचेच्या आणि वडापिंपळाच्या झाडांवर, अगदी घरांच्या अंगणात, झोळीवाले आणि चित्रबलाक एकत्र घरटी करतात. साधारण ३-४ अंडी, महिनाभर उबवणं, आणि पिल्लं पुढे ३ ते ५ महिने घरट्यावर किंवा आसपासच, म्हणजे पाहुणे अर्धं वर्ष ठाण मांडून. सगळीकडे विष्ठा, कुजक्या माशांचा वास, चिंचेचं पीक हातचं जातं, तरी लोक त्यांना बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी म्हणतात आणि हुसकत नाहीत. विष्ठेचं खत शेतात जातं. चिंचेच्या नुकसानीपोटी वनखातं झाडामागे थोडे पैसे देतं आणि हेज्जार्ले बळग नावाचा गावातल्या पोरांचा गट खाली पडलेली पिल्लं सांभाळतो. मला या पक्ष्याबद्दल सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, तो अभयारण्यात नाही तर लोकांच्या दारात टिकलाय.

प्रतिसाद:
टिकलाय हे खरं, पण कुठे कुठे टिकला नाही तेही प्रोजेक्टमध्ये यावं. या ठिपकेवाल्याचं शास्त्रीय नाव पेलेकॅनस फिलिपेन्सिस, १७८९ मध्ये ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने फिलिपीन्सवरून ठेवलं, आणि आज फिलिपीन्समध्येच हा उरलेला नाही. ब्रह्मदेशात सितांग नदीकाठी १८७७ मध्ये ओट्स या पक्षी-अभ्यासकाने लाखोंच्या लाखो असल्याचं लिहिलं होतं, १९२९ मध्ये स्टुअर्ट बेकर या दुसऱ्या अभ्यासकाने हजारो म्हटलं, नंतर ती घरट्यांची वसाहतच संपली. आंध्रात कोल्लेरू तळ्याजवळची वसाहत पक्षी-अभ्यासक के. के. नीलकंठन यांना १९४६ मध्ये सापडली, तेव्हा सुमारे ३००० जोड्या होत्या, १९७५ च्या आसपास तीही गेली. आता वीण मुख्यतः दक्षिण भारत, श्रीलंका आणि कंबोडियाचं तोन्ले साप तळं इथे.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सगळं माहीतच नव्हतं. एकच राहिलं, माझ्याकडच्या फोटोत चोचीवर ठिपके अजिबात दिसत नाहीयेत, मग तो हा नाही का?

प्रतिसाद:
ताई, पोर असेल. चोचीवरचे ठिपके साधारण वर्षभराने येतात आणि पूर्ण मोठ्या पक्ष्याचा विणीचा पिसारा तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी अंग तपकिरीकडे झुकलेलं असतं. फोटो पाठवा, बघून सांगते. आणि लिहिताना एक झोळीवाला, अनेक झोळीवाले, नर-मादी दोघांनाही तेच, कारण दिसायला दोघं सारखेच असतात.