३६० अंशाच्या फोटोत सरळ रेषा कशा शोधू? (बजेट शून्य)

निळी_पट्टी: वाड्याच्या सोप्यातले खांब आणि तुळया शोधायच्यात. ३८४०×१९२० चा इक्विरेक्टँग्युलर (सगळा गोल आयतात उलगडलेला) फोटो, ट्रायपॉडवरून. हफ (सरळ रेषा शोधणारी पद्धत) लावला की खांब सापडतात, तुळयांचे तुकडे पडतात. जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) नाही, घेणारही नाही.

पिक्सेलवाला: जीपीयू घ्याच. सेकंडहँड १२ जीबीचा बघा.

कोनमापक: इथे जीपीयूचा काय संबंध? तुळई आणि कॅमेऱ्याचं केंद्र यांचं मिळून एक प्रतल होतं, ते गोलाला बृहद्वृत्तात (विषुववृत्तासारख्या सर्वांत मोठ्या वर्तुळात) छेदतं. गोल उलगडला की त्या वृत्ताची लाट होते. हफ सरळ रेषेलाच मतं मोजतो, म्हणून तुकडे. तुळईच्या कडेवरच्या प्रत्येक पिक्सेलचा एकक व्हेक्टर (केंद्रापासूनची दिशा) काढा, एका तुकड्याचे सगळे मॅट्रिक्समध्ये रचा, एसव्हीडी (मॅट्रिक्सची फोड) करा. सर्वांत लहान सिंग्युलर व्हॅल्यूचा व्हेक्टर म्हणजे प्रतलाचा नॉर्मल (त्याला काटकोनातली दिशा). चिन्ह सोडून नॉर्मल जुळले तर तुळई बहुधा एकच. २० पिक्सेलच्या तुकड्यात टोकाला १ पिक्सेल चुकलं तरी नॉर्मल ३° फिरतो, तेव्हा लांबीनुसार वजन द्या.

क्यूबवाले_काका: एवढं गणित कशाला? क्यूबमॅप करा (गोल घनाच्या सहा सपाट बाजूंवर पाडा), ओपनसीव्ही या फुकट लायब्ररीतला एलएसडी हा रेषाशोधक लावा. संपलं.

तिरपागडा: काका, क्यूबच्या कडेवर रेष तुटते. बाजू ९०° ऐवजी १००° ची घ्या, म्हणजे शेजारच्या बाजू थोड्या एकमेकींवर येतील. मग १०२४ पिक्सेलच्या बाजूला फोकल लांबी ५१२ पिक्सेल नाही, सुमारे ४३०. आणि ओपनसीव्ही ४.१.० ते ४.५.३ मध्ये परवान्याच्या भानगडीमुळे एलएसडी नाहीच.

क्यूबवाले_काका: म्हणजे क्यूबमॅपच. तेच म्हणतोय.

पिक्सेलवाला: दोन लेन्सच्या सांध्यावर जवळची तुळई पॅरलॅक्समुळेच (दोन लेन्स वेगळ्या जागांवरून बघतात म्हणून) तुटते, ती कुठलंही गणित जोडणार नाही. प्रत्येक लेन्सचे न जोडलेले कच्चे फिशआय (अतिरुंद, गोल) फोटो घ्या. आणि जीपीयू.

तिरपागडा: कच्चे घेतलेत तर साध्या फोटोसारखे सपाट करू नका. अक्षापासून ९०° वर टॅन अनंत होतो. थेट किरणांचे व्हेक्टर काढा.

निळी_पट्टी: सगळ्यांचे आभार. तुळया सोडल्या. फक्त खांब, हफ आहे तसाच.

कोनमापक: मग लेव्हल बघा. कॅमेरा १° कलला तर कललेल्या दिशेला काटकोनात असलेला खांब ±४५° उंचीच्या दरम्यान २१ पिक्सेल तिरपा होतो.

निळी_पट्टी: बबल मध्यावर आहे.

कोनमापक: तो ट्रायपॉडचा, कॅमेऱ्याचा नाही. खांबांच्या सगळ्या नॉर्मलना काटकोनात येणारी दिशा एसव्हीडीनेच काढा, तीच खरी उभी. फोटो तेवढा फिरवा, मग हफ.