शब्दचर्चा: चर्चच्या वर्षातला 'सामान्य काळ' म्हणजे नक्की काय?

प्रश्न:
मंडळी, एका शब्दावर अडलेय. आमच्या चर्चच्या पत्रकात आठवड्यामागून आठवडे 'सामान्य काळातला अमुकावा रविवार' असं छापून येतं. मुलीने विचारलं, सामान्य म्हणजे काही विशेष नाही असा काळ ना, मग मिस्साला (रविवारच्या उपासनेला) का जायचं? उत्तर सुचेना. नाताळाआधीचा आगमनकाळ म्हटलं की वाट बघायची, ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ म्हटलं की मन आवरायचं हे आपोआप कळतं, हा शब्द मात्र अगदीच कोरडा वाटतो.

प्रतिसाद १:
हा सगळा घोळ इंग्रजीतल्या 'ऑर्डिनरी टाइम'मुळे झालाय. आता वापरतात ते कॅलेंडर १९६९ च्या सुधारणेतून आलं, त्यातलं लॅटिन नाव 'तेम्पुस पेर आन्नुम', म्हणजे सरळ 'वर्षभरातला काळ', त्यात 'सामान्य' कुठेच नाही. जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की तो सुरू होतो, राखेच्या बुधवारी (कपाळाला राख लावून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या दिवशी) थांबतो आणि पेन्टेकॉस्टनंतर (ईस्टरनंतरच्या पवित्र आत्म्याच्या सणानंतर) परत सुरू होऊन आगमनकाळापर्यंत चालतो, सगळे मिळून ३३ किंवा ३४ आठवडे. म्हणजे वर्षाचा मोठा हिस्सा हाच आणि आपण त्यालाच सामान्य म्हणून बसलोय! शिवाय याच काळात शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, क्रमाने वाचतात. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, अ वर्षी मत्तयने लिहिलेलं, ब वर्षी मार्कने, क वर्षी लूकने. येशू कसा चालला, कोणाकडे जेवला, कोणाला बरं केलं हे एकेक रविवारी थोडंथोडं कानावर पडतं. तीन वर्षं सलग ऐकलं की ओळखीचं माणूस होतो तो, निदान माझा तरी झालाय.

प्रतिसाद २:
मी वसईची. आमच्याकडे पेन्टेकॉस्ट उरकतो आणि पाऊस येतो. चर्चमध्ये फादरांच्या अंगावर हिरवी वस्त्रं, वेदीवर हिरवं कापड आणि बाहेर भाताचं रोप. आजी लहानपणी म्हणायची, सण म्हणजे पेरणी गं, आणि हे पुढचे हिरवे रविवार म्हणजे रोप धरायचं. मला ते लग्नानंतर कळलं. नाताळ आणि ईस्टरला मन भरून यायचं आणि आठ दिवसांत परत तशीच चिडचिड, तेच अबोले. मग एक वर्ष ठरवलं की पावसातला एकही रविवार चुकवायचा नाही, चिखल असो नाहीतर वीज गेलेली असो. नोव्हेंबरात ख्रिस्तराजाच्या सणाला, म्हणजे या काळाच्या शेवटच्या रविवारी, जावेशी दोन वर्षांनी स्वतःहून बोलले. ते सणात झालं नसतं, त्या साध्या रविवारांनीच घडवलं असं मी मानते.

प्रतिसाद ३:
सहमत, पण प्रायश्चित्तकाळाला काही लोक 'उपवासकाळ' म्हणतात त्याबद्दलही बोलूया. कॅथलिकांना उपवास बंधनकारक फक्त २ दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, म्हणून मला तो शब्द अपुरा वाटायचा. पण उपवास म्हणजे मुळात जवळ राहणं, तो अर्थ धरला तर प्रायश्चित्तकाळाच्या ४० दिवसांना फार छान बसतो. (राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात, ६ रविवार वगळायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस.) आणि राखेच्या बुधवारची ती राख कुठली, तर गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिळालेल्या झावळ्यांची. वर्षभर घरात क्रुसामागे खोचलेली, पिवळी पडून कडकडीत झालेली झावळी आपणच नेऊन द्यायची, आणि तिचीच राख कपाळावर घ्यायची. होसान्ना असा जयघोष करत जी हातात धरली तीच! दर वर्षी बोट कपाळाला लागलं की गेल्या झावळ्यांच्या रविवारपासून मी कुठे होतो ते सगळं डोळ्यांपुढून जातं.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. मग 'पेर आन्नुम'ला सरळ 'वर्षकाळ' म्हटलं तर?

प्रतिसाद २:
लोक 'वर्षाकाळ' वाचतील, पण वाचू देत की. वर्ष हा शब्द पावसावरूनच तर आलाय, आणि आमच्या वसईत हा काळ निम्माअधिक पावसातच जातो. मुलीला एवढंच सांगा की हा रोप धरायचा काळ आहे, आणि पुढच्या रविवारी तिला वेदीवरचं हिरवं कापड दाखवा.