एडब्ल्यूएस बॅकअप बंद करायचंय, व्हॉल्ट डिलीटच होत नाहीये

प्रश्न:
मंडळी, एडब्ल्यूएसवरचं (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) जुनं अ‍ॅप बंद झालं, सर्व्हर पण काढले, पण बॅकअपचं बिल दर महिन्याला येतंच आहे. बॅकअप प्लॅन (बॅकअप कधी घ्यायचे त्याचं वेळापत्रक) उडवला तरी व्हॉल्ट (बॅकअप साठवायची जागा) डिलीट करायला गेलं की एरर. ईसीटूमधून (एडब्ल्यूएसची सर्व्हरची सेवा) स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) डिलीट करायला गेलो तर तिथेही नाही म्हणतंय. काय राहिलंय?

उत्तर १:
प्लॅन उडवला म्हणजे फक्त नवीन बॅकअप थांबले रे, जुने रिकव्हरी पॉइंट (म्हणजे आधी घेतलेले बॅकअप) तसेच पडून असतात आणि ते आधी काढल्याशिवाय व्हॉल्ट जात नाही. बॅकअप सर्व्हिसने घेतलेले स्नॅपशॉट बॅकअपच्या कन्सोलमधूनच काढायचे. पण थांब, व्हॉल्ट लॉक (बॅकअप कोणी उडवू नये म्हणून लावायचं कुलूप) लावलंय का बघ. ते कम्प्लायन्स मोडमध्ये (त्याचा सगळ्यात कडक प्रकार) असेल आणि लॉक मागे घ्यायची सुरुवातीची मुदत (कमीत कमी ३ दिवस) उलटली असेल तर रूट युजरलाही (अकाउंटचा मुख्य मालक) लॉक काढता येत नाही, रिटेन्शन (बॅकअप ठेवायचा ठरलेला काळ) संपेपर्यंत बिल भरत बसा!

प्रश्नकर्ता:
लॉक नाहीये, वाचलो. केएमएस की (बॅकअप एनक्रिप्ट करायला वापरलेली किल्ली) पण आत्ताच उडवू का?

उत्तर २:
अजिबात नको!! की गेली की त्या कीने एनक्रिप्ट केलेलं सगळं गेलं, आणि तीच की दुसऱ्या कुठल्यातरी डेटाबेसला लावलेली निघते, आमच्याकडे निघाली होती. आधी डिसेबल कर, क्लाउडट्रेलमध्ये (अकाउंटमध्ये कोणी काय केलं त्याची नोंद) ती कोण वापरतंय ते बघ, मग की डिलीटला लावताना ३० दिवसांचं वेटिंग टाक, ७ चं नको. आणि काहीही काढायच्या आधी शेवटचा बॅकअप एकदा रिस्टोर करून, अकाउंट्सवाल्यांना लागणार असेल तर एक्स्पोर्ट काढून ठेव. मार्चमध्ये हमखास मागतात.