मर्सिडीज डब्ल्यू124 (1990) सनरूफचे पार्ट: परवडतील असे कुठे मिळतील?

गाडीवान_कोथरूड
गाडी मर्सिडीज 230 ई, बाहेरून आलेली. पत्र्याचं इलेक्ट्रिक सनरूफ आहे. बटण दाबलं की डिकीत मोटार फिरल्याचा आवाज येतो, पत्रा दोन बोटं सरकतो आणि तिरका होऊन अडकतो. उजव्या बाजूचा प्लास्टिकचा स्लायडर (रुळात सरकणारा तुकडा) तुटलेला दिसतोय. रबरही कडक झालंय आणि पाऊस पडला की पुढच्या खांबाच्या (पुढची काच आणि दार यांमधल्या) अस्तरावर ओल येते. नवीन अख्खी फ्रेम बजेटच्या बाहेर आहे. वापरलेलं, बाहेरच्या मेकचं, बनवून घेतलेलं, काहीही चालेल. काय घ्यावं आणि कुठून?

चौदा_नंबरचा_पाना
फ्रेमचा विचार सोडा. तुमच्या वर्णनावरून तुटलाय फक्त स्लायडर. या गाडीत मोटार डिकीत असते आणि तिथून दोन पिळाच्या केबल छतातल्या रुळांपर्यंत जातात. एका बाजूचा स्लायडर गेला की दुसरी बाजू एकटी ओढते, म्हणून पत्रा तिरका होतो. आता बटण दाबत बसू नका. केबलचे पिळ मोटारच्या दात्यावर घासले गेले तर मग मात्र खर्च वाढेल. फ्यूज काढून ठेवा आणि डिकीतलं बाजूचं आवरण सोडवून मोटार हाताने फिरवून पत्रा बंद करा.

ओलीचा रबराशी फारसा संबंध नाही. या सनरूफचं सील, म्हणजे कडेचं रबर, सगळं पाणी अडवायला बनवलेलंच नाही. थोडं पाणी आत येतं, फ्रेमच्या पन्हाळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पुढच्या दोन नळ्या पुढच्या खांबातून, मागच्या दोन मागच्या खांबातून. खांबाजवळ ओल म्हणजे नळी तुंबलीय किंवा निपलवरून (पन्हाळीचं नळी बसते ते तोंड) निसटलीय. नवीन सील लावून ही ओल जाणार नाही.

भंगार_शोधक
कुठे मिळेल ते सांगतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. पुण्यात 1995 पासून 124 जुळवली जात होती, त्यामुळे दार, दिवे, काचा सापडतात. पण प्रत्येकीला सनरूफ असेलच असं नाही, म्हणून गाडी 124 आहे एवढं ऐकून धावू नका. आधी छताचा फोटो मागवा, मग स्लायडरचा जवळून फोटो. अपघातात छत दबलेल्या गाडीची फ्रेम फुकट दिली तरी नको, रूळ वाकलेला असतो.

पार्ट नंबर पाठ करायची गरज नाही. या मॉडेलच्या नंबरात ए आणि 124 नंतरचे दोन आकडे 78 असतील तर तो सनरूफचा भाग. चॅसिस नंबर देऊन कॅटलॉगमधून नेमका नंबर काढून घ्या. गाडीच्या डेटा कार्डवर (कारखान्यात काय काय बसवलं त्याच्या कोडची यादी) 412 कोड असेल तर सनरूफ कारखान्यातूनच आलेलं आहे. नसेल तर कोणीतरी मागाहून बसवलंय, मग मर्सिडीजचे नंबर जुळणारच नाहीत. पैसे देण्याआधी हे एकदा बघाच.

बाहेरून मागवणार असाल तर जर्मनी आणि ब्रिटनमध्ये दुरुस्ती किट म्हणून फक्त स्लायडर मिळतात. डावा आणि उजवा एकमेकांच्या उलट असतात, जोडीच घ्या. दुसऱ्याचं वयही तेवढंच झालेलं आहे. कस्टम ड्यूटी वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, शिवाय कुरिअरवाला आपलं शुल्क वेगळं घेतो. म्हणून स्लायडर, अस्तराच्या क्लिपा, सील असं सगळं एकाच पार्सलमध्ये आणा. पत्रा, फ्रेम असल्या लांब वस्तू मागवण्यात अर्थ नाही, वाहतुकीतच पैसे जातात.

लेथवाला_भोसरी
स्लायडर बनवूनही घेता येतो. तुटलेले तुकडे टाकून देऊ नका, जोडून व्हर्निअरने मापं घेता येतात. न तुटलेली बाजू आरशात बघितल्यासारखी उलटी करून घ्यायची. मटेरियल डेल्रिन, म्हणजे पीओएम, कडक आणि गुळगुळीत प्लास्टिक. नायलॉनही चालतं, पण ते हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, कोकणात किंवा मुंबईत रुळात घट्ट बसेल. रुळात हाताने ढकलल्यावर सहज सरकला पाहिजे आणि बाजूला खडखडला नाही पाहिजे.

थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक अजिबात नको. ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून तापतो. एएसए किंवा एबीएस ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं सांगा.

गाडीवान_कोथरूड
धन्यवाद! डेटा कार्डवर 412 आहे. आता दोन शंका. पत्रा न वाकवता बाहेर कसा काढायचा? आणि एक मेकॅनिक म्हणाला, मोटारचा क्लच आवळला की सरकेल. आवळू का?

चौदा_नंबरचा_पाना
आवळू नका. तो क्लच घसरतो ते मोटार आणि केबल वाचवण्यासाठी. सुकलेल्या रुळावर क्लच आवळला की जोर थेट केबलवर आणि नव्या स्लायडरवर येतो. आधी रूळ साफ करा. सगळं बसवून झाल्यावर पत्रा हाताने सहज सरकतोय आणि तरीही क्लच घसरतोय, तर क्लचचा नट थोडासा फिरवायचा.

पत्रा काढायची पद्धत: थोडा उघडा, तीन-चार बोटं. आतल्या अस्तराच्या फळीच्या पुढच्या कडेला क्लिपा असतात, प्लास्टिकच्या पट्टीने एकेक सोडवा. स्क्रू-ड्रायव्हर घातलात तर कापडावर कायमचा वळ उठेल. फळी सुटली की ती मागे छताच्या पोटात सरकवा आणि पत्रा पुन्हा बंद करा. आता पुढच्या गाइडचे आणि मागच्या उचलणाऱ्या हातांचे स्क्रू दिसतील. काढण्याआधी प्रत्येकाची जागा मार्करने आखून ठेवा, नाहीतर बसवताना अर्धा दिवस नुसता जुळवण्यात जाईल. पत्रा वर उचलायला दोन माणसं लागतात आणि चारही बाजूंनी मास्किंग टेप.

जुनं ग्रीस पांढऱ्या पेट्रोलने पुसून काढा. नंतर पांढरं लिथियम ग्रीस, पातळ थर. चॅसिसचं काळं ग्रीस धूळ धरतं आणि अस्तरावर डाग पाडतं. बसवताना दोन्ही केबल सारख्याच जागी हव्यात. एक दाता जरी मागेपुढे झाला तरी पत्रा पुन्हा तिरका. शेवटी उंची: पुढची कड छतापेक्षा मिलिमीटरभर खाली, मागची मिलिमीटरभर वर. उलटं झालं तर वेगात शिट्टी वाजते.

रबर_आणि_बीडिंग
सील फाटलं नसेल, फक्त कडक झालं असेल, तर यंदा तेवढ्यावर भागवा. बदलायचंच झालं तर जुन्या सीलचा ऊन न लागलेला तुकडा घेऊन रबर प्रोफाइलच्या दुकानात जा, ईपीडीएम रबर मीटरवर मिळतं. फक्त उंची नाही, पोकळीचा आकारही जुळवा. जाड निघालं तर मोटारवर ताण येतो. लावताना ताणू नका. ताणलेलं रबर पुढे आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. घेराच्या मापापेक्षा सेंटिमीटरभर जास्त कापा, आत दाबत बसवा, सांधा मागच्या कडेच्या मध्यावर.

आणि फटीवर सिलिकॉन फासून सनरूफ कायमचं बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाणी तरीही कुठून ना कुठून शिरतं, ते आतच राहतं आणि पन्हाळीचे कोपरे गंजतात. तो गंज काढायला डेंटरला छत उघडावं लागेल.

चौदा_नंबरचा_पाना
नळ्यांचं राहिलं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी, 2 मिमीची, टोक मेणबत्तीवर गोल करून वरून सोडा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी खांबाच्या आत निपलवरून सुटली तर पुन्हा लावायला सगळं अस्तर उतरवावं लागतं. मग प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता. पुढचं दाराच्या बिजागरीच्या बाजूने आणि मागचं मागच्या चाकाजवळ पडलं पाहिजे. जिथे पडत नाही ती नळी तुंबलेली. हे आज करा, स्लायडर आल्यावर बाकीचं.